आमच्यात काय म्हणतात?

परवा बोरिवलीहून आलेल्या शिक्षिकांच्या घोळक्यासमोर मी बोटाला थुंकी लावून टॅब्लेटचं पान उलटलं.

उलटलं म्हणजे उलटायला गेलो. काचेवर ओला ठसा उमटला, पान जिथल्या तिथं. "सर, टच आहे तो," एक बाई हळूच म्हणाल्या. आवाजात एवढी माया की मला आजवर ही गोष्ट कुणी सांगितलीच नसावी. आणि मी तर मघापासून त्यांना तेच समजावत होतो, की हा आपल्या उपनगरातल्या जुन्या घरगुती वस्तूंचा कॅटलॉग आता छापील राहिलेला नाही; बोट लावा, वस्तू फिरते, बोट ठेवा, वस्तू बोलते. मागं उभी असलेली माझी बायको सुनंदा ओढणीचं टोक हातात घेऊन पुढं आली, काच पुसली आणि बायकांकडं बघून म्हणाली, "चालू द्या. हे जुनं मॉडेल आहे." टॅब्लेटबद्दल म्हणाली नव्हती ती.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की त्या वेळी पडद्यावर दुसरी कुठली वस्तू नव्हती, तो जुना छापील कॅटलॉगच होता. यंदा आमच्या मुलीनं, मुक्तानं, त्यालाही एक वस्तू म्हणून शेवटचा नंबर दिलाय. पिवळी पडलेली पानं, मधोमध गंजलेली पिन, उलटताना कागदाचा खरा आवाज. सगळी नोकरी मरोळच्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेल्या माणसासमोर असं पान आणलं तर जीभ आपण होऊन बाहेर येते. त्यात मेंदूचा काही संबंध नसतो.

ग्रंथालयाच्या त्या खोलीत एक वासही होता. "इतिहासाचा एक वास असतो नाही?" असं दुसऱ्या बाई डोळे मिटून म्हणाल्या, तेव्हा मी मान डोलावली. सुनंदाच्या पिशवीत अर्धा किलो सुका जवळा होता.

मे महिना उतरणीला लागला की आमच्या घरात आगोट सुरू होते. पाऊस लागायच्या आधी घर भरून ठेवायचं. सुका जवळा, सुके बोंबील, आमसुलं, मसाला. डबे घासून उन्हात पालथे घालायचे. गच्चीवर कुणाचे पापड, कुणाच्या कुरडया, आणि सगळ्यांच्या मधून कावळ्यांची ये-जा. जिन्यात पाऊल टाकलं की कुठल्या मजल्यावर फणस फोडलाय ते नाक सांगतं. यंदा हे दिवस आल्यापासून मला दुसरं काही आठवत नाही, गेल्या वर्षीची आगोट आठवते. त्या आगोटीत आमच्या घरात जवळ्याबरोबर शब्दही भरले गेले.

सुरुवात पाटणकरबाईंनी केली. या आमच्या मुलुंडच्या ग्रंथालयाच्या कार्यवाह. फार वर्षांपूर्वी, मी छापखान्यात नवा असताना, ग्रंथालयानं एक प्रदर्शन भरवलं होतं. इथं वस्तीला आलेल्या माणसांनी गावाहून येताना काय आणलं, ते. कुणी जातं दिलं, कुणी तांदूळ धुवायची रोवळी, कुणी जाळं विणायची सुई, कुणी सासऱ्याचा गिरणीतला पितळी बिल्ला. त्याचा कॅटलॉग आमच्याच छापखान्यात छापला. बऱ्याच जणांनी वस्तू परत मागितल्याच नाहीत, त्या ग्रंथालयातच राहिल्या. पुढं ग्रंथालयाची इमारत पुनर्विकासाला गेली. पुस्तकं एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत आली आणि वस्तू गोणपाटात गुंडाळून एका गोदामात गेल्या. कॅटलॉगच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या प्रती उरल्या. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही छापखान्यातले. पुन्हा छापून घ्या ना."

मी मुक्ताला विचारलं, कव्हर कसं असावं. ती म्हणाली, "बाबा, वस्तू गोणीत आणि तुम्ही कव्हरचं काय घेऊन बसलात? लोकांना वस्तू हातात घेतल्यासारखी वाटली पाहिजे." ती संगणकावर असली कामं करते. नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करण्याच्या बेतात होती, आणि हे तिचं पहिलं स्वतःचं काम. बापाला भीती एवढीच, की पोरीच्या पहिल्या कामाला कुणी हसू नये. हसायचंच असेल तर मी आहेच.

तिनं स्वतःलाच एक अट घातली. "आजीला तिची वस्तू सापडली पाहिजे. एकटीनं, कुणाला न विचारता. तरच झालं म्हणायचं."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. सुनंदा त्यांना आये म्हणते म्हणून आम्ही सगळेच आये म्हणतो. सावंतवाडीकडच्या. नवरा गिरणीत, म्हणून लग्न होऊन मुंबईला आल्या, त्या एका ट्रंकेत दोन लुगडी आणि मांडीवर एक विळी घेऊन. ती विळी त्यांनी प्रदर्शनाला दिली होती. हल्ली त्या आमच्याकडंच असतात. त्यांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालंय. समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मला म्हणतात, "जावयाचा तोंड दिसणा नाय, नुसते कान दिसतत. बरा आसा." डॉक्टरांनी सांगितलंय, कडाही हळूहळू जातील. मुक्ताच्या अटीला म्हणून घाई होती. आयेच्या डोळ्यांत थोडी कड शिल्लक आहे तोवर तिची विळी तिच्यासमोर यायला हवी होती.

मग काम सुरू झालं. गोदामात पत्र्याखाली असा उकाडा, की शर्ट पिळून घालावा. एकेक गोणपाट सोडायचं, वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवायची, मुक्ता सगळ्या बाजूंनी फोटो घेणार आणि मी पंख्याची वायर धरून उभा. जात्याची घरघर ध्वनिमुद्रित करायची तर दळायला कोण? पाटणकरबाई म्हणाल्या, मला येतं, आणि खुंटा उपसून हातात आला. मग विळी निघाली. फणसाच्या लाकडाचा पाट, वर्षानुवर्षं पाय ठेवून एका जागी खोलगट झालेला. पुढं वाकलेलं पातं, टोकाला खवणीचे दात. सुनंदा येताना नारळ घेऊनच आली होती. ती खाली बसली, गुडघा मोडून पाटावर पाय ठेवला आणि खवायला लागली. खर्र, खर्र, खर्र. मुक्ता माइक धरून. मी श्वास रोखून, कारण मागं एकदा माझ्या शिंकेमुळं पितळी घंटेचा आवाज वाया गेला होता. ते खोबरं आम्ही गुळाबरोबर तिथंच उभ्यानं खाल्लं. इतिहासाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

माझ्याकडं काम होतं शब्दांचं. माणसानं काय शोधलं की कुठली वस्तू यावी, त्याची यादी. हे माझं राज्य. मला समोरून माणूस आला तर आधी त्याचे ऱ्हस्वदीर्घ दिसतात. मी छापील कॅटलॉग समोर ठेवला आणि त्यातलं एकेक नाव डोळ्यांत तेल घालून उतरवलं. विळी, उखळ, रोवळी, शिंके. एका वेलांटीची चूक नाही. मुक्तानं त्याला आवाज जोडला, म्हणजे आयेसारख्यांनी नुसतं बोलायचं. सापडलं तर वस्तू येणार, नाही सापडलं तर जवळचा शब्द यंत्र आपण सुचवणार, गोड बाईच्या आवाजात.

एका संध्याकाळी आयेला खुर्चीत बसवलं. सुनंदा स्वयंपाकघरात मसाला भाजत होती, आम्ही सगळे खोकत होतो. "आजी, बोल. काय शोधायचंय तुला?"

आये पुढं वाकून म्हणाली, "आडाळो."

क्षणभर काही नाही. मग ती गोड बाई म्हणाली, "तुम्हाला 'अडाणी' म्हणायचे आहे का?"

स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. मुक्ताचा चेहरा असा झाला, की परीक्षेत पेपर कोरा राहिल्यावरही झाला नव्हता. मी उगीच चष्मा पुसला. सुनंदा दारात येऊन म्हणाली, "बंद कर ते आधी."

आये मात्र हसत सुटली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगो, खरा बोलला मेला! मशिनीक कसा कळला?" मग हसू आवरून मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "त्येचा काय चुकला? त्येका कोणी सांगूकच नाय. तुमच्यात विळी म्हणतत, आमच्यात आडाळो."

आडाळो हा शब्द मला नवा नव्हता. उलट त्याच शब्दानं माझ्या आयुष्याचा फर्मा बदलला होता. सुनंदा तेव्हा आमच्याच छापखान्यात बाईंडिंगला. कॅटलॉगचे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे ताव, घडी घालताना तिला आईच्या वस्तूचा फोटो दिसला, तशी ती ताव हातात घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी आली. "हे कोणी लिहिलं विळी? आमच्यात आडाळो म्हणतात." मजकूर मी लिहिला नव्हता, लिहून आलेला होता, पण मी तिला प्रमाण भाषा म्हणजे काय ते एवढं तपशीलवार सांगितलं की तिचा चहा गार झाला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. मग आता ह्या प्रमाणावर बोंबील काप." दुसऱ्या दिवशी ती उखळाचं पान घेऊन आली. आमच्यात व्हायन म्हणतात. तिसऱ्या दिवशी नारळाच्या करवंटीचा डाव घेऊन आली. आमच्यात डवली. रोज एक पान, रोज एक शब्द. शेवटी कॅटलॉग संपला, तावांचा गठ्ठा बांधून टेम्पोत चढला, आणि उद्या ही काय निमित्तानं येणार असा मला प्रश्न पडला. म्हणून मग मी लग्नाचं विचारलं.

लग्न ठरताना मात्र 'आमच्यात' हाच शब्द दोन्हीकडून भिंतीसारखा उभा राहिला. माझी आई कऱ्हाडकडची. ती म्हणाली, "आमच्यात सुकी मासळी घरात आणत नाहीत." सुनंदाचे वडील म्हणाले, "आमच्यात चेडवाक घाटार देणत नाय." म्हणजे मुलगी घाटावर देत नाहीत. आमच्यात हळद अशी नाही, आमच्यात मानपान तसा नाही. 'आमच्यात' म्हटलं की पुढचं वाक्य नकारातच संपणार, हे मी त्या दिवसांत शिकलो. (पुढं माझी आई जवळ्याच्या चटणीसाठी आगोटीची वाट बघायची, ती गोष्ट वेगळी. आमच्यात तिला औषध म्हणायचे.)

यंत्रानं आयेला अडाणी म्हटलं त्या रात्री मुक्ता उशिरापर्यंत संगणकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिनं टॅब्लेट माझ्यासमोर धरला. प्रत्येक वस्तूखाली एक नवं गोल बटण. त्यावर लिहिलेलं: आमच्यात. "हे दाबायचं आणि आपल्या घरात त्या वस्तूला काय म्हणतात ते बोलायचं. पुढं कुणीही तो शब्द उच्चारला की तीच वस्तू येणार. आणि ज्यानं सांगितला त्याचा आवाजही येणार."

मी प्रुफरीडर. मी विचारलं, "आणि यातला शुद्ध शब्द कुठला, ते कसं कळणार?"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

मग आम्ही टॅब्लेट घेऊन हिंडलो. गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांपासून सुरुवात केली. त्यांनी पिठाच्या हातांनी बटण दाबलं, काच चिकट झाली आणि रोवळीवरून दोन मजल्यांत भांडण लागलं. एकीनं सांगितलेलं नाव दुसरीला पटेना. "असं कुठं म्हणतात का!" "तुमच्यात नसतील म्हणत!" मुक्ता म्हणाली, काकू, दोन्ही राहू देत, जागा खूप आहे. एवढ्या सहज सुटलेलं भांडण मी आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच पाहिलं.

सुकी मासळी विकायला वर्सोव्याहून एक मावशी येतात. त्यांच्यापुढं विळीचा फोटो धरला. "मोरली!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडचा भाजीवाला दचकला. "आमच्यान मोरली बोलतान. घेतला आवाज? आता बोंबील घे. फुकट बोलत नाय मी." घेतले. आगोट त्या वर्षी जरा जास्तच झाली. ज्याचा आवाज घेतला त्याच्याकडून काहीतरी विकत घेतल्याशिवाय मला निघवेना. घरात एवढी आमसुलं झाली, की सुनंदा म्हणाली, "अजून चार शब्द आणलेस तर मला दुकान टाकावं लागेल."

एक दुपार आठवते. घरात सगळे झोपलेले, पंखा कुरकुरत होता, खिडकीतल्या माठाखालच्या ताटलीत पाणी टपकत होतं. मी टॅब्लेट घेऊन उगाच वस्तू फिरवत बसलो होतो. विळी आली. बटण समोर होतंच. सहज दाबलं आणि म्हणालो, "आमच्यात..." आणि थांबलो. आमच्यात काय म्हणतात? माझ्या तोंडात 'विळी' तयार होती. पण ती छापखान्यातली. आई दुपारची कांदा चिरायला बसायची, तेव्हा मला आणायला सांगायची ती वेगळी. मी हळूच म्हणालो, "इळी. आमच्यात इळी म्हणायचे." बटण सोडलं, परत ऐकलं. आवाज माझाच होता, पण शब्द आईच्या घशातून आल्यासारखा आला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्यातल्या प्रुफरीडरनं व घालण्यासाठी पेन उचलला होता. मी त्याला म्हटलं, तू जेवून घे.

ग्रंथालयाच्या तात्पुरत्या खोलीत तो नवा कॅटलॉग सगळ्यांसाठी खुला करायचा दिवस ठरला. खोली छोटी, खुर्च्या भाड्याच्या, बाहेर गुलमोहर पेटलेला. भिंतीवर मोठा पडदा. पाटणकरबाईंच्या भाषणात 'ऐतिहासिक' हा शब्द इतक्या वेळा आला की मोजायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. मग मुक्ता उठली आणि म्हणाली, "पहिल्यांदा माझी आजी शोधणार आहे. मी मदत करणार नाही."

आयेला माइकसमोर बसवलं. तिनं आधी चपला काढून बाजूला ठेवल्या. म्हणाली, "आडाळो."

काही नाही. पंखे फार घरघरत होते. मुक्ता हात मागं बांधून उभी; बोटं एकमेकांत अशी आवळलेली की नखं पांढरी झालेली. मी उठायला लागलो तर सुनंदानं माझ्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. "बस. तिची अट आहे." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता ती गोड बाई पुन्हा काहीतरी बोलणार. भर सभेत.

आये जरा सावरून बसली. गावाला परसातून आगरात हाक घालावी तशी तिनं हाक घातली, "आडाळो!"

आणि भिंतभर तिची विळी आली. फिरत फिरत, पात्यावर उजेड घेऊन. आधी मावशींचा दणदणीत आवाज, "मोरली!" मग माझा घोगरा, "इळी." मग आयेचा स्वतःचा, "आमच्यात आडाळो." आणि मग खर्र, खर्र, खर्र.

आयेला त्यातलं किती दिसलं मला माहीत नाही. ती मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं बघत होती. पण तो खवण्याचा आवाज सुरू झाला तसा तिचा उजवा पाय खुर्चीतल्या खुर्चीत उचलला गेला, गुडघा थोडा मोडला आणि पाऊल फरशीवर घट्ट दाबलं गेलं, पाट सरकू नये म्हणून दाबतात तसं. त्या खोलीतल्या सगळ्या बायकांना ते कळलं.

मग आये मोठ्यानं म्हणाली, "ह्या आमची सुनंदा खवता. बघ, करवंटीपर्यंत खरवडता. कितीदा सांगलंय, मेले, काळा पडता खोबरा!"

खोली हसून फुटली. सुनंदा लाल झाली. मुक्ता हसत होती आणि रडत होती आणि दोन्ही काम एकाच रुमालानं करत होती. मी कुणाचा आहे ते विचारायला कुणी आलं नाही, तरी मी तीन-चार जणांना सांगून आलो, "ती मुक्ता, माझी मुलगी." त्यातले दोघं आमच्याच मजल्यावरचे होते.

वर्ष झालं. आता बोरिवलीहून, घाटकोपरहून माणसं येतात, वस्तू फिरवून बघतात, आपले शब्द ठेवून जातात. माझ्या यादीत विळीला एक नाव होतं. आता ती बोलायला लागली की लवकर थांबत नाही. आयेच्या डोळ्यांतल्या कडा बऱ्याच पुसल्या गेल्यात. मला परवा म्हणाली, "जावयाचे कानय गेले." पण दुपारी अधूनमधून मुक्ताला सांगते, "गो, आडाळो लाव." आणि डोळे मिटून ऐकत बसते. पाय तसाच दाबून.

परवा त्या शिक्षिका गेल्यावर मी आणि सुनंदा खोली आवरत होतो. खिडक्या लावल्या, खुर्च्या भिंतीला टेकवल्या. पडद्यावर अजून तो जुना कॅटलॉगच होता, माझ्या बोटाच्या ठशासकट. त्याच्याखाली गोल बटण होतं, आणि ते कोरं होतं. नवी वस्तू, तिला अजून कुणी काही म्हटलेलं नव्हतं. मी म्हणालो, "बघ गं, याचं एकही नाव नाही. मी घालतो. 'प्रदर्शन-सूची' कसं वाटतं? शुद्ध आहे."

सुनंदानं जवळ्याची पिशवी खाली ठेवली, मला कोपरानं बाजूला सारलं, बटण दाबलं आणि म्हणाली, "आमच्यात ह्याला लग्नपत्रिका म्हणतात."